'नाटकी' कोण ठरवतो? बॉर्डरलाइन आजार, बुद्धी आणि आपली चळवळ

अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या पट्ट्यात एखादी तरुण मुलगी घटकेत हसते, घटकेत चवताळते, कुणी फोन उचलला नाही म्हणून जिवावर उदार होते, स्वतःच्या अंगावर जखमा करून घेते. अशा मुलीसाठी चार निकाल आधीच तयार असतात. घरचे म्हणतात, "नाटकं करते." शेजारची मावशी म्हणते, "बाहेरचं काहीतरी आहे, दाखवून आणा." कंपनीतला सुपरवायझर म्हणतो, "हिला डोकंच नाही." आणि आपला कार्यकर्ता म्हणतो, "आजार वगैरे काही नाही, ही व्यवस्थेची बळी आहे." चौघांचे निकाल वेगळे आहेत. पण तुला नेमके काय होते, हे चौघांपैकी एकानेही तिला विचारलेले नाही.

पहिल्या तिघांवर आपण पुष्कळ लिहितो, बोलतो. आज आम्हाला चौथ्याबद्दलही बोलायचे आहे. कारण मानसिक आजाराच्या प्रश्नावर आंबेडकरी चळवळ दोन टोकांच्या मध्ये सापडली आहे. एका टोकाला 'सगळा दोष तिच्या मेंदूत' असे म्हणणारी प्रस्थापित वैद्यकशाही आहे. दुसऱ्या टोकाला 'सगळा दोष व्यवस्थेत' म्हणून मोकळे होणारे आपण आहोत. पहिल्या टोकावर जात गायब होते, दुसऱ्या टोकावर ती मुलगीच गायब होते. दोन्हीकडे नुकसान तिचेच.

आजार काय आहे?

ज्या आजाराबद्दल आम्ही बोलत आहोत त्याचे नाव बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. मराठीत कुणी 'सीमारेषेवरचा व्यक्तिमत्त्व विकार' म्हणते. नावच फसवे आहे. १९३८ साली अमेरिकेतले मनोविश्लेषक अडॉल्फ स्टर्न यांनी त्या काळच्या दोन ठरलेल्या कप्प्यांत न बसणाऱ्या रुग्णांसाठी हा 'सीमेवरचा' शब्द वापरला. एका कप्प्यात साधे मनोविकार, दुसऱ्यात वास्तवाचे भान सुटणारे तीव्र मनोविकार, आणि हे रुग्ण मधल्या रेषेवर. १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथात या आजाराला स्वतंत्र जागा मिळाली.

त्या ग्रंथात आज नऊ लक्षणे दिलेली आहेत. आपल्याला सोडून जातील याची जीवघेणी भीती. नात्यांत टोकाची चढउतार, म्हणजे आज जो देव वाटतो तोच उद्या राक्षस वाटणे. मी कोण आहे, याचाच पत्ता न लागणे. स्वतःचे नुकसान करणारा उतावळेपणा. स्वतःला इजा करणे किंवा जीव देण्याचे प्रयत्न. तासातासाला बदलणारी मनःस्थिती. आत सतत काहीतरी पोकळ असल्याची जाणीव. आवरता न येणारा राग. आणि ताण वाढला की काही काळ टिकणारा संशय किंवा स्वतःपासूनच तुटल्यासारखे वाटणे. यांपैकी किमान पाच लक्षणे तरुणपणापासून, वेगवेगळ्या प्रसंगांत, टिकून दिसली तर निदान होते. नवातून पाच किंवा अधिक निवडायचे तर २५६ प्रकारे निवडता येतात. म्हणजे एकच निदान लागलेल्या दोन माणसांत फक्त एकच लक्षण समान असू शकते. म्हणून 'बॉर्डरलाइन बाया अशाच असतात' हे वाक्य जो कुणी बोलतो, त्याला आजार कळलेला नाही असे खुशाल समजावे.

आणि हा फक्त बायकांचा आजार नाही. दवाखान्यात निदान होणाऱ्यांत स्त्रिया जास्त दिसतात हे खरे. पण अमेरिकेत लोकांच्या घरी जाऊन केलेल्या मोठ्या पाहणीत स्त्री-पुरुषांचे प्रमाण जवळपास सारखेच आढळले. मग पुरुष जातात कुठे? ते दारूच्या गुत्त्यावर जातात, मारामारीत जातात, लॉकअपमध्ये जातात. बाईच्या रागाला आजार म्हणायचे आणि पुरुषाच्या रागाला मर्दानगी म्हणायचे, ही पुरुषसत्तेची जुनी खोड आहे.

'डोकं नाही' म्हणजे काय?

आता बुद्धीचा प्रश्न घेऊ. आपल्या समाजाच्या दृष्टीने हा सर्वांत नाजूक प्रश्न आहे. ज्यांना हजारो वर्षे 'बुद्धी नसलेले' ठरवून शिक्षणाच्या दाराबाहेर उभे केले गेले, त्यांच्या मुलीला पुन्हा एकदा 'डोकं नाही' असे ऐकवले जाते तेव्हा आमचे कान टवकारतात. म्हणून इथे नीट समजून घ्यायला हवे.

या आजारात माणसाची एकूण बुद्धिमत्ता कमी नसते. ती मुलगी दहावीला पहिली येऊ शकते, एमएससी करू शकते, कंपनीचा हिशोब चोख ठेवू शकते. पण शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा काही ठरावीक कामांत या रुग्णांची सरासरी निरोगी माणसांपेक्षा खाली आढळली. लक्ष टिकवणे, पुढच्या पायऱ्यांचा आराखडा करणे, एक रस्ता बंद झाला की दुसऱ्या रस्त्याकडे वळणे, ऐकलेले-पाहिलेले लक्षात ठेवणे, ही ती कामे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका एकत्रित विश्लेषणात आराखडा आखण्याच्या कामातली अडचण सर्वांत ठळक होती. सगळ्या रुग्णांत सगळ्या अडचणी दिसत नाहीत. शिवाय सोबत नैराश्य असेल, जुना आघात असेल, झोप नसेल, तर त्यांचाही वाटा त्यात असतो.

खरा मुद्दा पुढे आहे. या माणसांचे विचारयंत्र थंड असताना ठीक चालते आणि भावना पेटली की अडकते. गिरणीचा पट्टा ओव्हरलोडवर सरकतो तसे. मोटार ठीक, धान्य ठीक, पण भार आला की पट्टा जागेवर राहत नाही. ज्या चेहऱ्यावर काहीच भाव नाही, त्या चेहऱ्यावर त्यांना राग किंवा तिटकारा दिसतो, असे अनेक प्रयोगांत आढळले. संगणकावर चेंडू फेकण्याच्या साध्या खेळात त्यांना बरोबरीने चेंडू मिळत असतो, तरी 'मला वगळले' असे त्यांना वाटते. २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात दोन माणसांना आपसात पैसे देण्या-घेण्याचा विश्वासाचा खेळ खेळायला लावला. विश्वास डळमळला की निरोगी माणूस थोडे जास्त देऊन नाते सावरतो. बॉर्डरलाइन रुग्णांना ते सावरणे जमले नाही, कारण समोरच्याकडून आलेला तुटपुंजा वाटा त्यांना अन्याय म्हणून खटकलाच नाही. कमीच मिळणार, हे त्यांनी जणू धरूनच ठेवले होते.

वाचकहो, या शेवटच्या वाक्यावर जरा थांबा. कमीच मिळणार हे ज्याने लहानपणापासून धरून ठेवले आहे, असा माणूस आपल्या वस्तीत शोधायला फार लांब जावे लागेल का?

आणि ताण फार वाढला की मन तुटते. समोरचे बोलणे काचेपलीकडून आल्यासारखे वाटते, मधला अर्धा तास आठवतच नाही. अशा मुलीला पोलीस चौकीत किंवा ऑफिसच्या चौकशीत बसवले आणि तिचा जबाब मागेपुढे झाला की लगेच म्हणतात, "बघा, खोटं बोलते." आघाताखाली सुटलेली आठवण म्हणजे खोटेपणा नव्हे. तिला वेळ द्या, पाणी द्या, एक प्रश्न एका वेळी विचारा. तीच मुलगी नीट सांगेल.

कारण कुठे आहे?

हा आजार शंभर टक्के समाजाने दिला, असे म्हणणे विज्ञानाला धरून नाही. स्वीडनमधल्या लाखो लोकांच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात या आजाराचा सुमारे ४६ टक्के वाटा आनुवंशिक आढळला. म्हणजे काही मुले जन्मतःच पातळ कातडीची असतात. दुसऱ्याला ओरखडा वाटतो तिथे यांना भाजते. हे मान्य करायला आंबेडकरवाद्याला लाज वाटण्याचे कारण नाही. बाबासाहेबांनी आपल्याला विज्ञाननिष्ठ व्हायला सांगितले, सोयीपुरते विज्ञान घ्यायला नाही.

पण उरलेला वाटा कुठून येतो? २०२० साली मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी जगभरचे अभ्यास एकत्र केले. निरोगी लोकांच्या तुलनेत या रुग्णांनी बालपणीचे अत्याचार किंवा आबाळ सांगण्याची शक्यता जवळपास १४ पट निघाली. सुमारे ७१ टक्के रुग्णांनी बालपणी असा किमान एक तरी अनुभव आल्याचे सांगितले. आणि सर्वांत घट्ट संबंध मारहाणीचा नव्हे, तर भावनिक छळाचा आणि दुर्लक्षाचा होता. घालूनपाडून बोलणे, हिणवणे, तुझे काही ऐकायचेच नाही असे वागणे.

या आजारावरची सर्वांत गाजलेली उपचारपद्धती उभी करणाऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांचा सिद्धांत हाच आहे. पातळ कातडीचे मूल आणि त्याची वेदना सतत खोटी ठरवणारे वातावरण, या दोन गोष्टी वर्षानुवर्षे एकमेकींवर आदळतात तेव्हा हा आजार घडतो. लिनेहन वातावरण म्हणजे मुख्यतः घर धरतात. आम्ही त्यांना विचारतो, घराला भिंती असतात, पण वातावरणाला असतात का? वर्गात वेगळ्या बाकावर बसवणारी शाळा, आडनाव ऐकून सूर बदलणारा घरमालक, 'तुमचं काय बाबा, तुम्हाला कोटा आहे' म्हणणारा सहकारी, आणि या सगळ्यावर तक्रार केली की 'तुम्हीच फार मनाला लावून घेता' म्हणणारे सभ्य जग, हे वातावरण नाही तर काय आहे? तुला लागलेच नाही, असे ज्याला लागले त्यालाच समजावत राहणे हे जातिव्यवस्थेचे रोजचे काम आहे. लिनेहन यांच्या सिद्धांतात जात घालावी लागत नाही, तिथे तिची जागा आधीच मोकळी आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. तो संताप योग्यच होता. पण रूळ मोकळे झाल्यानंतर आम्हाला पडलेला प्रश्न असा की, अशा प्रत्येक लेकराच्या मनाची पुढची दहा-पंधरा वर्षे काळजी कोण घेणार? आरोपीचे काय झाले याच्या बातम्या महिनोन्‌महिने चालतात. पीडित मुलीच्या समुपदेशनाची बातमी कुणी छापत नाही. आज जे लेकरू गप्प आहे, ते सोळाव्या वर्षी स्वतःला इजा करेल तेव्हा हेच जग त्याला 'नाटकी' म्हणेल.

कुणाचा राग 'अवाजवी'?

नऊ लक्षणांत एक आहे, अवाजवी आणि तीव्र राग. अवाजवी हा शब्द कुणी ठरवायचा? ज्याच्या हातात केसपेपर आहे त्याने? इथे सावध राहण्याची गरज इतिहासाने दाखवून दिली आहे. १८५१ साली अमेरिकेत सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने मालकापासून पळून जाणाऱ्या गुलामांना एक 'मानसिक आजार' लावला होता आणि त्याला 'ड्रेपेटोमेनिया' असे भारदस्त नाव दिले होते. स्वातंत्र्याची ओढ हाच आजार! १९६० च्या दशकात नागरी हक्कांचा लढा पेटला तेव्हा मिशिगनमधल्या आयोनिया इथल्या मनोरुग्णालयात कृष्णवर्णीय पुरुषांना मोठ्या संख्येने स्किझोफ्रेनियाचे निदान कसे चिकटत गेले, हे जोनाथन मेट्झल या मानसोपचारतज्ज्ञाने २०१० साली पुस्तक लिहून दाखवले.

आपल्याकडे वेगळे काय घडते? रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला. त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती रूपनवाल आयोगाने कारण शोधले ते त्याच्या वैयक्तिक निराशेत. निलंबन, वसतिगृहातून हकालपट्टी, बंद झालेली शिष्यवृत्ती, हे सगळे बाजूला सरकले आणि एका तरुणाचे 'मन' आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. म्हणूनच आपल्या लोकांना मानसशास्त्राची भाषा ऐकली की धोका वाटतो. तो संशय अनाठायी नाही.

पण संशयावर थांबणे परवडणारे नाही. बॉर्डरलाइन आजार असलेल्यांपैकी दहा टक्क्यांपर्यंत माणसे आत्महत्येने जातात, असे मानसोपचाराचे ग्रंथ सांगतात. मोर्चात घोषणा देणारी मुलगी खोलीवर जाऊन एकटी काय सोसते हे आपल्याला माहीत नसेल, तर 'तिचा राग राजकीय आहे' हे आपले कौतुक तिला वाचवू शकणार नाही. राग न्याय्य असू शकतो आणि त्याच वेळी तो आवरता न येणारा, तिलाच जाळणारा असू शकतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसात खऱ्या असतात. न्याय्य रागासाठी चळवळ हवी, जाळणाऱ्या रागासाठी उपचार हवा. एकाच्या जागी दुसरे देता येत नाही.

कायदा काय सांगतो?

हे निदान बाईच्या विरोधात वापरले जाण्याची भीतीही खरी आहे. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि त्याच्या कलम १३ मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. सासरचे लोक डॉक्टरची चिठ्ठी घेऊन वकिलाकडे धावतात. अशा वेळी दोन गोष्टी पदरात बांधून ठेवा. पहिली, १९८८ साली राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आजाराचे नुसते नाव पुरेसे नाही. त्याची तीव्रता इतकी असली पाहिजे की जोडीदाराने सोबत राहावे अशी अपेक्षाच करता येऊ नये. दुसरी, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ३ म्हणते की निदान झाले एवढ्यावरून कुणी 'विकल मनाचा' ठरत नाही, तो निर्णय सक्षम न्यायालयाचा.

याच कलम ३ मध्ये आपल्या कामाची आणखी एक तरतूद आहे. एखाद्याची राजकीय, आर्थिक, सामाजिक स्थिती किंवा समाजाच्या रूढ नैतिक मूल्यांशी त्याचे न पटणे, यावरून मानसिक आजार ठरवता येत नाही. म्हणजे जातीबाहेर प्रेम केले म्हणून, देव मानत नाही म्हणून, सासूला उलट बोलली म्हणून कुणाला वेडे ठरवणे हे कायद्याविरुद्ध आहे. कलम १८ नुसार सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि त्यात जातीवरून भेदभाव करता येत नाही. कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते. तिला उपचार, काळजी आणि पुनर्वसन देणे हे सरकारचे कर्तव्य ठरते.

आणि 'बाहेरचं आहे' म्हणणाऱ्या मावशीसाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर तो झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारहाण करणे हा त्यात गुन्हा आहे. ज्यांनी १९५६ साली नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यांच्या घरातली मुलगी बुवापुढे बसवली जात असेल, तर त्या प्रतिज्ञा फक्त फ्रेममध्ये उरल्या आहेत.

जांभूळचे पाणी आणि जांभूळची माणसे

हक्क कागदावर आहेत, पण ते गावापर्यंत येतात का? आमच्या तालुक्यातलेच उदाहरण घ्या. जांभूळ गावाचे नाव ठाणे जिल्ह्यात लाखो लोकांना माहीत आहे ते तिथल्या एमआयडीसीच्या जलशुद्धीकरण केंद्रामुळे. इथे शुद्ध झालेले पाणी जलवाहिन्यांनी शहरांना आणि कारखान्यांना जाते. जांभूळच्या केंद्रात दुरुस्ती निघाली की पाणी बंद राहणार असल्याची बातमी आदल्या दिवशी पेपरात येते, मोठमोठ्या सोसायट्यांत टँकरची धावपळ होते. गावातून शहराकडे जाणारी लाइन कशी तुंबू नये, याची व्यवस्था चोख आहे.

आता उलटी दिशा पाहा. समजा, जांभूळमधल्या एका मुलीला या आजाराचे उपचार हवे आहेत. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. त्यातले १९०१ पासूनचे ठाण्याचे रुग्णालय आपल्याच जिल्ह्यात आहे, हे आपले नशीब म्हणायचे. पण रिक्षाने स्टेशन, गर्दीच्या लोकलने ठाणे, पुन्हा रिक्षा, मग रांग. लिनेहन यांच्या पूर्ण पद्धतीत आठवड्याला एकदा एकट्याची भेट आणि एकदा गटात बसून शिकवणी, असे साधारण वर्षभर चालते. म्हणजे आठवड्यातल्या दोन दिवसांचा रोज बुडाला. जिची आई एमआयडीसीत कंत्राटावर आहे किंवा उल्हासनगरला शिलाईच्या कामाला जाते, तिने हे कसे करायचे? दोनदा खाडा झाला की तिसऱ्या दिवशी काम दुसरीला मिळते. मग केसपेपरवर शेरा पडतो, 'रुग्ण उपचाराला सहकार्य करत नाही.'

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून आहे, जिल्हा कार्यक्रम १९९६ पासून. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. त्या पाहणीतल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याची मने मोजण्याचीही तसदी घेतली गेली नाही.

उपचार आहे, आणि तो आपल्या आवाक्यात आणता येतो

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्ही शेवटी सांगत आहोत. हा आजार बरा होत नाही ही समजूत चुकीची आहे. अमेरिकेत मेरी झानारिनी यांनी रुग्णांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. दहा वर्षांत ९३ टक्के रुग्णांची लक्षणे किमान दोन वर्षे निदानाच्या रेषेखाली राहिली. पण नोकरी आणि नाती यांसह आयुष्य पूर्णपणे सावरलेले निघाले निम्मेच. लक्षणे औषध-उपचाराने किंवा काळाने निवतात, आयुष्य मात्र काम, घर आणि माणसे मिळाल्याशिवाय उभे राहत नाही. इथे पुन्हा आपलाच प्रश्न येतो, सामाजिक न्यायाचा.

दुसरी गोष्ट. २००९ साली कॅनडातल्या टोरंटोत १८० रुग्णांवर झालेल्या चाचणीत लिनेहन यांची पद्धत आणि चांगल्या प्रशिक्षित डॉक्टरांची साधी, नियमित, आठवड्याला भेटणारी देखभाल यांची तुलना झाली. वर्षाअखेर दोन्ही गटांत सारखीच सुधारणा दिसली. याचा अर्थ हा उपचार महागड्या क्लिनिकची मक्तेदारी नाही. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर आणि समुपदेशक नीट शिकवला, तो दर आठवड्याला त्याच खुर्चीत भेटला, आणि त्याने 'नाटकी' हा शब्द विसरला, तर पुष्कळ काम होते. गोळ्या लागतात त्या सोबतच्या नैराश्यासाठी, झोपेसाठी. खास या आजाराची म्हणून मान्यता मिळालेली गोळी नाही. म्हणून पहिल्याच भेटीत पाच गोळ्या लिहून देणाऱ्याला, बोलायचे कधी, असे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

तिसरी गोष्ट ऐकून आपल्या लोकांना अभिमान वाटेल. लिनेहन यांनी झेन बौद्ध परंपरेत साधना केली आणि आपल्या उपचारात जागृत राहण्याचे, म्हणजे सम्यक स्मृतीचे शिक्षण गाभ्याशी ठेवले. २०११ साली त्यांनी जाहीरपणे सांगितले की सतराव्या वर्षी त्या स्वतःच मनोरुग्णालयात होत्या आणि स्वतःला इजा करत होत्या. बुद्धाची शिकवण अमेरिकेच्या दवाखान्यात पोचली, पण आपल्या विहारात तिचे काय होते? वंदना होते, जयंतीची वर्गणी होते. मनावर बोलणे होत नाही. आणि कुणी बोललेच तर थेट सांगतात, "दहा दिवसांच्या विपश्यनेला पाठवा." तीव्र मानसिक त्रास असलेल्या माणसाला दहा दिवस मौनात बसवणे हा उपचार नाही, त्रास वाढूही शकतो. आधी डॉक्टर, साधना त्यांच्या सल्ल्याने.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची जुनी कथा नाकारली. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून तो निघाला, हे त्यांना पटले नाही. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटलेला संघर्ष त्यांनी समोर ठेवला. म्हणजे दुःखाचे मूळ त्यांनी समाजात दाखवले. आणि त्याच ग्रंथात मनाची शिकवणूकही त्यांनी तितकीच मध्यभागी ठेवली. समाज आणि मन यांतले एक निवडा, असे बाबासाहेबांनी कधीच सांगितले नाही. निवड करत बसलो आहोत ते आपण.

आमच्या मागण्या

सरकारकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. अंबरनाथ तालुक्यात ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ठरलेल्या वारी, ठरलेल्या समुपदेशकासह मानसिक आरोग्याची ओपीडी चालवा. तिची एक वेळ कामगारांची पाळी सुटल्यानंतरची ठेवा. बाललैंगिक अत्याचाराच्या प्रत्येक प्रकरणात मुलाला निकाल लागेपर्यंतच नव्हे, तर पुढे मोठे होईपर्यंत समुपदेशन द्या. पुढच्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्र घ्या आणि जातनिहाय आकडे जाहीर करा.

आपल्या लोकांकडूनही आमच्या मागण्या आहेत. प्रत्येक विहारात, प्रत्येक महिला मंडळात किमान दोन ताया अशा असाव्यात की ज्यांना ऐकून घेणे शिकवलेले आहे, जवळच्या दवाखान्याचा वार माहीत आहे आणि टेलिमानसचा १४४१६ हा मोफत सरकारी क्रमांक पाठ आहे. घरात मुलगी स्वतःला इजा करत असेल तर ओरडू नका, शपथा घालू नका, एकटी सोडू नका. "तुला फार त्रास होतोय, मला दिसतोय" एवढे म्हणा आणि तिच्यासोबत दवाखान्यात जा. बैठकीत एखादा कार्यकर्ता वारंवार भडकतो, तुटतो, परत येतो, तर त्याला गटातून काढण्याआधी एकदा त्याच्या खोलीवर जाऊन या.

१९२७ साली महाडला आपण तळ्यावर गेलो ते तहान लागली म्हणून नव्हे. माणूस म्हणून तिथे जाण्याचा आपला हक्क होता. मनोरुग्णालयाची पायरीही त्याच हक्काने चढायची आहे. खाली मान घालून नाही, आणि 'आमच्यात असले आजार नसतात' अशी खोटी ऐट मिरवतही नाही. जांभूळचे पाणी ठाण्यापर्यंत पोचते, तर ठाण्याचा डॉक्टर जांभूळपर्यंत पोचलाच पाहिजे.

जय भीम.